हलगीवाल्याचा वर राहिलेला हात

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉलेजचं प्रदर्शन बघून परत येताना एसटीत बसल्या बसल्या तुला फोन लावणार होतो. मांजरसुंब्याच्या घाटात रेंज गेली आणि बरंच झालं म्हणायचं. फोनवर मी नुसतं ‘छान झालंय’ म्हणालो असतो, तू ‘थँक्यू सर’ म्हणाली असतीस आणि विषय संपला असता. तुझ्या कामाला एवढ्यावर सोडावं असं मला वाटत नाही. म्हणून हे पत्र.

मांडणीबरोबर द्यायचं म्हणून तू पाठवलेलं मनोगत वाचलं. पहिलंच वाक्य ‘दंतकथा हा आपल्या संस्कृतीचा अमूल्य ठेवा आहे’. हे खोड. वाक्य खोटं नाही, पण तुझं नाही. तुझ्या वर्गातल्या कुणाच्याही मांडणीखाली ते जसंच्या तसं चिकटवता येईल. अंबाजोगाईच्या जोगाईदेवीच्या लग्नाचं, दगड झालेलं वऱ्हाड तू केलंस, अकरा माणसं, कागदाच्या लगद्याची, सव्वा महिना हात भिजवून. मग लिहिताना ती माणसं कुठं गेली? दोन पानांत एकदाही हलगीवाल्याचं नाव नाही!

त्याच्यापासूनच सुरू करतो. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. उजव्या हातातलं टिपरू वर गेलंय, खाली आलेलं नाही, आणि हलगी तिथंच थांबली. बाकीच्यांना तू दगडाचा रंग दिलास, हा मात्र रंग न देताही दगड झाला असता. करवलीचा चपलेत अर्धा शिरलेला पाय, वरमाईचा पदर, हेही चांगलं आहे. पण ते विचार करून केलेलं दिसतं. हलगीवाला आपोआप आला असावा. कुठून आला ते आठव आणि लिही. गावातल्या कुठल्या लग्नात पाहिलेला हात आहे का तो? लग्नाआधी काटक्या पेटवून हलगी शेकत बसलेली माणसं तू लहानपणी पाहिली असशील. तो जाळही दगडाचा करता आला असता, हे मला बस केजला पोचल्यावर सुचलं. असो.

आता जिथं जमलं नाही ते सांगतो. देवीचा चेहरा. तो तुझा नाही, कुठल्या तरी मालिकेतला आहे. तेच मोठाले डोळे, तीच रंगवलेली भुवई, तोच मेकअप. तुझ्या मनात एवढी करकरीत माणसं असताना मधोमध हा चेहरा आला कसा? माहूरची रेणुका आठव. अंग नाही, हात नाहीत, नुसता शेंदराचा मुखवटा. त्यासमोर माणसं रडतात, भांडतात, नवस फेडतात. देवीला नाकीडोळी देखणी करावीच लागते असं आपल्याकडं कधीच नव्हतं.

आणि हत्ती. पोरी, तुझे हत्ती मिरवणुकीतले आहेत. झूल, अंबारी, कपाळावर नक्षी. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, “मोबाईलवरून घेतले, सर.” तू अंबाजोगाईपासून पाऊण तासावर वाढलीस. जयंती नदीच्या काठचा हत्तीखाना इथंच आहे. खडक कोरून केलेली लेणी आहेत आणि अंगणात झिजलेले दगडी हत्ती उभे आहेत. शाळेची सहल तिथं गेली असेल, डबे खाल्ले असतील. पण चित्र काढायला म्हणून तू गेली नाहीस.

हे रागावून लिहीत नाही. माझ्या मते या कामातली खरी गोष्ट इथंच आहे. आपण समजतो, आधी कथा होती आणि मग कुणी तरी ती दगडात कोरली. आपल्या भागात पुष्कळदा उलटं झालेलं असतं. लेणं आधी होतं. ते कुणी केलं, का केलं, याचा लोकांना विसर पडला. नदीकाठी दगडाचे हत्ती उभे आहेत आणि कुणाला काही माहीत नाही, असं कसं चालेल? मग एखाद्या म्हातारीनं नातवाला सांगितलं असेल, “हे वऱ्हाड आहे बाबा. जोगाईचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला आन् सगळे दगड झाले.” पोरगं गप्प झालं, कथा राहिली. हा माझा अंदाज, पुराव्याची गोष्ट नाही. पण एकदा असं बघायला लागलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. जोगाई कोकणातून आली असं आपण सांगतो, का? कोकणस्थांच्या कित्येक घराण्यांची ती कुलदेवता. एवढ्या लांबून, घाट चढून, नव्या नवरानवरीला घेऊन ही माणसं इथं येतात. इथल्या लोकांना प्रश्न पडणारच, यांची देवी आमच्यात कशी? म्हणून मग ती नवरी होऊन निघाली आणि वाटेत राहिली.

औंढ्याचं बघ. नागनाथाच्या देवळात नंदी समोर नाही, मागच्या बाजूला आहे. कुणीही जाणता माणूस तिथं अडखळतो. त्या अडखळण्याला लोकांनी दिलेलं उत्तर म्हणजे नामदेवांची कथा. नामदेव देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना ‘मागं जा’ म्हणून उठवलं, ते मागं जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला. ही कथा चित्रात काढायला सांगितली तर दहातली नऊ पोरं गरागरा फिरणारं देऊळ काढतील, विजा चमकवतील. मला विचारशील तर चित्र त्याच्या आधी आहे. ‘उठ, मागं जा’ असं ऐकल्यावर टाळ गोळा करणारा माणूस. नामदेव शिंपी होते, हे कथा सांगणाऱ्याला पक्कं माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही. तो अपमान काढून टाकला तर देऊळ फिरण्याला काही कारणच उरत नाही.

वेरूळला तर तू वर्षातून चार वेळा जातेस. सोळा नंबरचं लेणं, कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, असं तुम्हाला कलेच्या इतिहासात शिकवतात. लोकांची गोष्ट निराळी आहे. एक राजा आजारी पडला. राणी माणिकावतीनं नवस बोलला, राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. देऊळ बांधून शिखर चढेपर्यंत वर्षं जायची, राणी उपाशी मरायची. तेव्हा पैठणचा कोकासा नावाचा कारागीर पुढं आला आणि त्यानं आठवड्यात शिखर दाखवलं, कारण त्यानं देऊळ वरून खाली कोरायला घेतलं. मागची कातळभिंत शंभर फुटांच्या वर आहे. तिच्या कडेला उभं राहून खाली पाहिलेल्या कुणाच्या तरी मनात आलं असणार, हे वरून सुरू केलंय, पण असं का करावं लागलं असेल? इतकं तांत्रिक कोडं आणि त्याला एका उपाशी बाईचं उत्तर! मला तर गोष्ट रचणारा माणूस कोकासाइतकाच कारागीर वाटतो.

तुला शहाणपण शिकवतोय खरं, पण माझी फजिती सांगितल्याशिवाय ते शोभायचं नाही. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एका गणेश मंडळानं देखाव्याचा पडदा रंगवायला दिला. विषय पैठणचा, ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले तो. नागघाट काढला, मागं गोदावरी, शास्त्रीबुवांच्या शालींच्या चुण्या, ज्ञानेश्वरांच्या चेहऱ्यामागं तेजोवलय. चार रात्री जागलो. पहिल्या दिवशी दुधाचा धंदा करणारे एक आजोबा पडद्यासमोर आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “सर, म्हैस चांगली काढली.” मी म्हणालो, रेडा आहे. ते म्हणाले, “मान बघा, खांदा बघा. वेद म्हणायच्या आधी त्याला रेडा तरी होऊ द्या.” मंडळाची पोरं पोट धरून हसली. दहा दिवस तो पडदा तिथंच होता आणि मी त्या गल्लीतून जायचं टाळलं. रेडा मी कॅलेंडरावरून उचलला होता. गोठा माझ्या खोलीपासून चार घरं सोडून होता.

तेव्हापासून एक सवय लागली. कथेत जे जे हाताला लागणारं आहे ते आधी जाऊन बघायचं. चमत्कार नंतर. रेडा खरा असेल तरच तो बोलला याचं नवल वाटणार ना?

दुसरं, क्षण कोणता निवडायचा. याबाबतीत तू नशीबवान आहेस, वेरूळसारखी शाळा तुझ्या कॉलेजच्या दाराशी आहे. पंधरा नंबरच्या दशावतार लेण्यातला नरसिंह आठव. आपण कॅलेंडरवर काय बघतो? मांडीवर आडवा हिरण्यकशिपू, बाहेर आलेली आतडी. तिथल्या शिल्पकारानं ते केलंच नाही. त्यानं नरसिंहाचा हात राक्षसाच्या अंगावर नुकताच पडलेला दाखवला. राक्षस अजून शस्त्र धरून उभा आहे. पुढं काय होणार ते आपल्याला ठाऊक आहे, त्यालाही बहुतेक कळलंय. पोट फाडण्यापेक्षा तो हात जास्त भीती घालतो. आणि कैलासातला रावण, खाली वीस हातांनी डोंगर हलवणारा. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली, तिची दासी पळत सुटलेली आणि शंकर निवांत, नुसता पायाचा अंगठा दाबणारा. मला दर वेळी ती दासी बघावीशी वाटते. पुराणात तिला नाव नाही. पण डोंगर हलल्याचं आपल्याला कळतं ते तिच्या पळण्यामुळं. तुझा हलगीवाला तिच्या नात्यातला आहे.

म्हणजे बघ, जे नऊ महिने तुला वर्गात सांगितलं जातंय ते तुझ्या हाताला एका माणसापुरतं आधीच कळलं होतं. दहा जणांपुरतं कळलं नाही. मनोगतात हेच लिही. अकरातला एक का जमला, दहा का अडले. परीक्षक मार्क कापतील ही भीती सोड. मी स्वतः बरीच वर्षं असले अहवाल तपासलेत. शंभर फायलींत ‘मला खूप शिकायला मिळालं’ वाचून डोळे मिटायला लागतात. तेवढ्यात कुणी तरी लिहितं, ‘लगद्यात मेथीची पूड घालायची राहिली म्हणून वरमाईला कीड लागली’, आणि माणूस ताठ बसतो. फेकून दिलेली रेखाटनं असतील तर तीही लाव. चहाचे डाग पडलेली चालतील.

अजून एक राहिलं. मांडणीच्या पाटीवर तू ‘एका अपूर्ण विवाहाची शोकांतिका’ लिहिलंस. कुणाची शोकांतिका? प्रदर्शनात तुझ्या आजीशी बोललो. त्या म्हणाल्या, “तिला जायचंच नव्हतं परळीला. हितंच बरं वाटलं तिला.” मी हसलो, पण नंतर विचार करत राहिलो. दुसरी कथा तर असंही सांगते की ती लग्नासाठी आलीच नव्हती, दंतासुराला मारायला आली होती. अंबाजोगाईत ती कुमारिका म्हणून पुजली जाते. नवऱ्याविना राहिलेल्या बाईच्या गोष्टीला शोकांतिका म्हणायची आपल्याला घाई असते. वऱ्हाड दगड झालं, ती झाली नाही! गोष्टीतली ही फट तुझ्या आजीला दिसली, तुला दिसली नाही, मलाही दिसली नव्हती. कोणती कथा खरी याचा निवाडा तुझ्याकडं कुणी मागितलेला नाही. पण तू कुणाकडून ऐकली, तिनं कशी सांगितली, कुठं थांबली, हे मनोगतात यायला हवं. आजीचं वाक्य त्यांच्याच बोलीत लिही. ‘हितंच’ला ‘येथेच’ करू नकोस.

एक बाई तुला विचारत होत्या, देवीचं असं दाखवलेलं चालतं का. तू गोरीमोरी झालीस. घाबरायचं कारण नव्हतं. त्यांना विचारायचं, तुमच्याकडं ही गोष्ट कशी सांगतात? त्यांनी तिथंच बसून सांगितली असती आणि तुला तिसरी कथा मिळाली असती.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा एक दिवस मोकळा ठेव. सकाळी लवकर हत्तीखान्यात जाऊ, उन्हं तापायच्या आत. वही आणि कोळसा घे, मोबाईल घरी ठेव. दगडाला हात लावायचा नाही, कागद घासून ठसा घ्यायचा नाही, नुसतं बसून बघायचं. पहिला तासभर काढूही नकोस. सोंडेचं काय झालंय, पावसानं कुठं खाल्लंय, सावली कुठं बसते, तेवढं बघ. माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून घडीची खुर्ची तुलाच उचलावी लागेल.

आणि येताना हलगीवाला गाडीत नीट कपड्यात गुंडाळून घेऊन ये. टिपरू धरलेल्या हाताच्या करंगळीला तडा गेलाय, तो मी परवा पाहिला. लगदा भिजत घालून ठेवतो. या खेपेला मेथीची पूड मी घालीन.

तुझा,
सर