‘लीक सेन्सर बायपास कर’ म्हणणाऱ्या सीनियरला मुलीने नकार दिला

प्रश्न : माझ्या मुलीने रेफ्रिजरेशन-एसीचा डिप्लोमा केला आहे. मोठ्या इमारतींच्या एसी युनिट्सच्या सर्व्हिसिंगला ती शिकाऊ म्हणून जाते. परवा एका युनिटचा ब्लोअर थांबत नव्हता आणि कॉम्प्रेसर काही सुरू होत नव्हता. सोबतचे सीनियर म्हणाले, ‘लीक सेन्सर बायपास करून टाक.’ तिने नकार दिला, ते रागावले. नवे गॅस पेट घेतात, असंही ऐकते. तिने हे सोडून कॉम्प्युटरकडे वळावं का?
– एक आई

उत्तर : ताई, मुलीने नकार दिला ते अगदी योग्य केलं. आणि हे क्षेत्र तिने सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी तुमच्या भीतीबद्दल. एसीतला जुना गॅस आर-४१०ए पेट घेत नाही, पण वातावरण तापवण्यात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट भारी आहे. आर-३२ साठी हाच आकडा ६७५ आहे. म्हणून नव्या युनिट्समध्ये आर-३२, आर-४५४बी असे ए२एल, म्हणजे कमी ज्वलनशील, गटातले गॅस येऊ लागले. ते पेटू शकतात, हे खरं. पण ज्वाळा फार संथ पसरते आणि आर-३२ पेटायला हवेत त्याचं प्रमाण साधारण १४ टक्के व्हावं लागतं. सेन्सरने त्याच्या चौथ्या हिश्श्यालाच, किंवा त्याआधी, इशारा द्यावा असा नियम आहे. धोका आटोक्यात राहतो तो या सेन्सरमुळे. तोच बायपास केला की राहिलं काय?

आता त्या बिघाडाकडे या. गळती कळली की कंट्रोल बोर्ड कॉम्प्रेसर बंद करतो, हीटरची वीज तोडतो आणि ब्लोअर चालू ठेवतो, म्हणजे गॅस एका जागी साचत नाही. मुलीने पाहिलं ते नेमकं हेच असणार. मात्र सेन्सरची वायर निघाली किंवा सेन्सरच गेला, तरी बोर्ड गळती धरूनच चालतो. दोन्ही वेळा युनिट बाहेरून सारखंच दिसतं, आणि खरं कौशल्य इथे लागतं.

पहिल्यांदा गळती आहे असंच समजायचं. खोली हवेशीर करायची, ठिणगी उडेल असं काही करायचं नाही, आणि ए२एलसाठी चालणारा हातातला डिटेक्टर कॉइलच्या खालच्या बाजूला, ड्रेन पॅनपाशी, जॉइंट्सवर फिरवायचा. हे गॅस हवेपेक्षा जड असतात, खाली उतरतात. बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो, म्हणजेच बिघाडाचा कोड, ते पॉवर बंद करण्याआधी लिहून घ्यायचं. गळती नाहीच अशी खात्री झाली, की मग कनेक्टरमधलं पाणी, ताणलेली वायर, सेन्सरला मिळणारा व्होल्टेज. कॉइल नुकती कोणी धुतली का, हेही विचारावं; काही सेन्सर क्लीनरच्या किंवा सिलिकॉन स्प्रेच्या वाफेने फसतात, कधी कायमचे बिघडतात. आणि थोडा धीर हवा. सेन्सर शांत झाल्यावरही ब्लोअर किमान पाच मिनिटं चालावा असंच ठरवलेलं असतं. तेवढं न थांबता ‘बोर्ड गेला’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

गॅस भरणारे हात बाजारात भरपूर मिळतात. वायरिंग डायग्राम वाचून खरी गळती आणि सेन्सरचा दोष वेगळा काढणारं माणूस मात्र शोधावं लागतं. तिला कॉम्प्युटरची ओढ असेल तर तीही इथेच कामी येईल : मोठ्या इमारतीतली ही युनिट्स बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिमला जोडलेली असतात, आणि कंट्रोल्स हा या कामातला स्वतंत्र रस्ता आहे. पुढच्या वर्षभरात तिने मल्टिमीटरवर हात बसवावा, ज्वलनशील रेफ्रिजरंट (एसीतला गॅस) हाताळण्याचं प्रमाणपत्र घ्यावं आणि प्रत्येक युनिटचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल स्वतः वाचावं.

राहिला सीनियरचा राग. तिने त्या युनिटचा कोड आणि डिटेक्टरचं रीडिंग जॉब शीटवर लिहून सर्व्हिस मॅनेजरला दाखवावं. त्यांनीही बायपासच करायला सांगितलं, तर दुसरी नोकरी शोधायला लागावं. आणि तिथल्या मुलाखतीत ए२एलचा डिटेक्टर प्रत्येक टीमला मिळतो का, हे आधी विचारावं.