इंग्लंडमधल्या लिंकन शहराचे संत ह्यू कोण, आणि चित्रांत त्यांच्या पायाशी हंस का असतो?

मूळचे फ्रान्समधल्या आव्हालोंचे, कार्थूजियन (एकांत आणि मौन पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे) संन्यासी. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून राजा दुसऱ्या हेन्रीने इंग्लंडमध्ये विदमला मठ काढला होता, पण तो काही नीट चालेना. म्हणून ११८० च्या आसपास ह्यूंना तिथे आणलं. त्यांनी आधी अट घातली: मठासाठी ज्यांना उठवलं त्या गावकऱ्यांना घरांची पूर्ण भरपाई द्या, मगच काम सुरू.

११८६ मध्ये लिंकनचे बिशप म्हणून निवड झाली, तर राजासमोर झालेली निवड त्यांनी मानलीच नाही. लिंकनच्या धर्मगुरूंना स्वतःच्या सभागृहात पुन्हा निवड करायला लावली. ११८५ च्या भूकंपात फुटलेलं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) ११९२ पासून नव्याने बांधायला घेतलं. ११९७ मध्ये राजा पहिल्या रिचर्डने परदेशातल्या लढाईसाठी सरदार मागितले, तेव्हाही साफ नकार. ज्यूंवर चालून आलेल्या जमावांनाही ते आडवे गेले.

हंस खरा होता! लिंकनजवळच्या स्टो गावातल्या बिशपच्या वाड्यावरचा, इतरांवर धावून जाणारा, पण ह्यूंच्या बाहीत मान खुपसून बसणारा.

मृत्यू १६ नोव्हेंबर १२००, संतपद १२२०, सण १७ नोव्हेंबरला. शोधताना एक घोळ हमखास होतो: 'लिटल सेंट ह्यू' हा १२५५ मध्ये मेलेला, लिंकन शहरातलाच एक लहान मुलगा. त्याच्या खुनाचा ज्यूंवर खोटा आळ घेतला गेला. दोघांचा काही संबंध नाही.