‘भागीदार’ हा शब्द कागदावर कुणी लिहायला सांगितला?

इंदूरच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं. त्यांच्या साडूंच्या नावे एफएल-२ लायसन्स आहे, म्हणजे रेस्टॉरंट-बार. वाचकांनी त्यात १८ लाख घातले : १२ लाख ४ ऑक्टोबर २०२३ रोजी आरटीजीएसने, ६ लाख रोख. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘भागीदारी करारनामा’ झाला, नफा निम्मा-निम्मा. लायसन्सवर वाचकांचं नाव नाही. काही महिने हिस्सा हातात मिळाला, मग बंद झाला. आता साडू म्हणतात, तीन लाखांचा चेक घे आणि विषय संपव. वाचकांना पूर्ण हिशेब आणि निम्मा नफा मागणारा दावा लावायचा आहे, पण घरच्यांसाठी दिवाळीपर्यंत थांबायचं आहे. शिवाय एक शंका : हा आबकारी कायदा इंग्रजांनी नागपूरकडच्या मुलखासाठी केलेला, होळकरांच्या इंदूरला तो लागतोच कसा?

शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती लवकर निकालात निघते. १९१५ चा कायदा मध्य प्रांतासाठी होता हे खरं, आणि तेव्हा इंदुरात होळकरांची आबकारी चालायची हेही खरं. पण १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि त्यानंतर हा कायदा नाव बदलून साऱ्या राज्याला लावला गेला. हा मुद्दा दाव्यात घालू नका. एक तारीख वाया जाईल, एवढंच होईल.

आता मुख्य गोष्ट. तुमचं सगळं प्रकरण एका शर्तीवर उभं आहे आणि ती शर्त तुम्ही आजवर वाचलेली नाही, हे पत्रावरून दिसतं. लायसन्सच्या सर्वसाधारण शर्तींमध्ये असं आहे की, दारूविक्रीचा हा परवाना लेखी परवानगीशिवाय विकता, हस्तांतरित करता किंवा पोटठेक्याने देता येत नाही, आणि तो चालवण्यासाठी भागीदारीही करता येत नाही. परवानगी मिळाली तर तसा शेरा लायसन्सवरच मारलेला असतो. तुमच्या नावाचा शेरा नाही. म्हणजे ज्या करारनाम्याला तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय, तोच तुमच्या विरोधातला पहिला पुरावा आहे.

याच शर्तीवर बिहारीलाल जयस्वाल विरुद्ध आयकर आयुक्त हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि तेही मध्य प्रदेशातलंच. परवानगीशिवाय केलेली अशी भागीदारी करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली बेकायदा ठरली. दारूच्या धंद्याचा मूलभूत हक्क कुणालाच नाही, सरकार देतं ती सवलत असते, हे १९७५ च्या हरशंकर प्रकरणापासून पक्कं आहे. सवलत ज्याला दिली त्यालाच दिली. साडूभाऊंना ती परस्पर अर्धी करून देता येत नव्हती. त्यामुळे हिशेब आणि निम्म्या नफ्याचा दावा विसरा. तुमची फर्म नोंदलेली नाही, ही अडचण वेगळीच. तिथपर्यंत जायची वेळही येणार नाही.

‘माझं नाव कुठे येऊ नये’ असं आपणच साडूंना म्हणालो होतो, हेही तुम्ही लिहिलंय. आपल्या लोकांचं हे नेहमीचंच. बारचा पैसा चालतो, बारच्या पाटीवर आडनाव चालत नाही. ही वाक्यं व्हॉट्सॲपवर असतील तर साडूंचा वकील तीच आधी काढणार.

मग काय उरतं? मुद्दल. करार रद्दबातल असल्याचं पुढे कळलं, तर ज्याने त्याखाली लाभ घेतला त्याने तो परत करावा, असं करार कायद्याचं ६५ वं कलम म्हणतं. ‘पुढे कळलं’ हे शब्द लक्षात घ्या. बेकायदा आहे हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत असेल, तर कोर्ट दोघांपैकी कुणालाच मदत करत नाही. पैसा ज्याच्याकडे पडलाय त्याच्याकडेच राहतो. तुम्ही लायसन्स वाचलंच नव्हतं, हा तुमचा निष्काळजीपणा. पण तो खरा असेल तर आज तोच तुमच्या थोड्याफार कामाचा आहे. कोर्ट तो मानेलच, असं मी सांगू शकत नाही. करारनामा मात्र लपवू नका आणि ‘हे उसने दिले होते’ असली गोष्ट रचू नका. दुसरी प्रत साडूंकडे आहे. कागद समोर ठेवा, तो टिकत नाही हे मान्य करा आणि १२ लाख परत मागा. मिळालेला हिस्सा त्यातून वजा होईल, याची तयारी ठेवा.

रोख ६ लाखांबद्दल फार आशा देत नाही. पावती नाही. शिवाय दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं दाव्यात आलं, तर कोर्टाने आयकर खात्याला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलंय. दंड घेणाऱ्याला असतो, पण ‘तुम्ही हे कुठून आणले’ हा प्रश्न देणाऱ्यालाच येतो. उत्तर असेल तरच मागा.

आणि दिवाळी. दावा लावायची मुदत तीन वर्षांची. ती कुठल्या दिवसापासून मोजायची यावर वाद घालता येतो, करार रद्दबातल असल्याचं कळल्यापासून मोजा असंही म्हणता येतं. पण तो वाद साडूंना आयता कशाला द्यायचा? पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजा. ४ ऑक्टोबर २०२६. त्या दिवशी रविवार आहे, म्हणून सोमवारी दावा लावता येईल, पण त्या एका दिवसावर भिस्त ठेवू नका. दिवाळी नोव्हेंबरात आहे. फराळाची ताटं आल्यावर तुम्ही माझ्याकडे याल, तेव्हा माझ्या हातात काही नसेल. कोर्टात प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहतं हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यावर मी तुमच्याइतकाच वैतागलोय. पण कोर्टाचा उशीर चालतो, तुमचा चालत नाही. व्यापारी स्वरूपाचा वाद मानला गेला तर आधी मध्यस्थीला जावं लागेल. तो काळ मुदतीतून वगळतात, तरी अर्ज आत्ताच गेलेला बरा.

चेक? घ्या. मात्र ‘विषय संपला’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. ‘मुद्दलापोटी अंशतः’ एवढं साडूंच्या सहीनिशी लिहून घ्या. मुदतीच्या आत चेक वटला तर नवी तीन वर्षं मिळण्याची बरीच शक्यता आहे. नुसत्या ‘देतो रे, थांब जरा’ या मेसेजवर मी तेवढा विसंबणार नाही. न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, त्यांना पंधरा दिवस, मग महिन्याभरात तक्रार. अर्थात मूळ देणंच बेकायदा व्यवहारातलं, असा बचाव तिथेही येईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारता की, ग्वाल्हेरला मोती महालात आबकारी आयुक्तांकडे तक्रार करून लायसन्स रद्द करवता येईल का. शर्त मोडली तर आबकारी कायद्याच्या ३१ व्या कलमाखाली येईल, साडूंना कारणं कळवून आणि त्यांचं ऐकून घेऊन. लायसन्स गेल्यावर त्यांना भरपाई नाही, आणि बार बंद झाल्यावर तुमचे १२ लाख कशातून निघणार? शिवाय ती शर्त मोडल्याच्या कागदावर दुसरी सही तुमची आहे. तक्रारीची धमकी देऊन पैसे मागण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका, ते खंडणीच्या अंगाने जातं.

या आठवड्यात वकिलामार्फत १२ लाखांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह काढून ठेवा. आणि जिल्हा आबकारी कार्यालयातून त्या लायसन्सची शर्तींसकट नक्कल मिळते का ते पाहा. माहिती अधिकारात अर्ज केलात तर साडूंना कळवलं जाण्याची शक्यता आहे, म्हणून आधी नोटीस जाऊ द्या.