सगळं गाव एका तोंडाने बोलत नाही

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

एकांकिका दोनदा वाचली. परीक्षकांना मालवणी कळणार नाही, प्रमाण भाषेत कर, असं कुणीतरी सांगितलं आणि तू हातपाय गाळलेस. बोलीला हात लावू नकोस. चूक वेगळीच आहे. तुझ्या एकांकिकेतली आई, मास्तर, दुकानदार, मुंबईहून आलेला मुलगा, सगळे एकच मालवणी बोलतात. सगळं गाव एका तोंडाने बोलत नाही, पोरी.

आधी एक कर. संहितेतली पात्रांची नावं झाकून मैत्रिणीला वाचायला दे. वाक्य कुणाचं हे तिला ओळखता आलं नाही, तर ते कुणाचंच नाही. काढून टाक. मास्तर घरात 'खंय गेल्लंस?' म्हणेल, शाळेच्या दारात 'कुठे गेला होतास?' म्हणेल. आई प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देईल. मुंबईला नोकरीला गेलेल्या चाकरमान्याची मालवणी त्याने गाव सोडला त्या वर्षीच थांबलेली असते आणि मधूनमधून हिंदी डोकावते. शिव्या एकाच पात्राला दे. तो ऐन भांडणात शिवी गिळेल, तेव्हा प्रेक्षागृह आपोआप गप्प होईल. सगळ्यांच्याच तोंडी शिव्या घातल्यास तर हशा मिळेल, पण हे हत्यार हातचं जाईल.

लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे 52 पात्रं उभी करत. बोली मराठवाड्याची, तरी माणूस बदलला की बोलणं बदलायचं. नेपथ्य आणि पात्रसंख्या हाताशी असताना तुला पाच माणसं वेगळी करता येऊ नयेत? गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' 1980 साली आलं, तेही नुसतं मालवणी आहे म्हणून चाललं नाही. पौराणिक नाटकातली जडजंबाल भाषा गावातल्या हौशी नटांच्या तोंडात मावत नाही, ती गंमत त्या विरोधातून येते. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाचा तोरा त्या मंडळींत वेगळा ऐकू येतो, तो म्हणूनच.

कळण्या-न कळण्याची काळजी संवादात करू नकोस, रंगमंचावर कर. पहिली पाच-सात मिनिटं प्रेक्षकाचा कान जुळायला लागतात. तेवढ्यात नवा शब्द आला की अर्थ समोर दिसला पाहिजे. 'चेडू' पहिल्यांदा येईल तेव्हा मुलगी दारात उभी असू दे. 'पेज' म्हणताना वाडगा हातात असू दे. आणि असा शब्द हशा येणाऱ्या वाक्याच्या शेवटी ठेवू नकोस, टाळ्यांत बुडतो. शहरातली मुलं तालमीत आधी हेल उचलतात आणि वाक्याचा शेवट खातात. पहिला आठवडा त्यांना हेल न काढता सपाट वाचायला लाव.

नेपथ्यात अख्खं घर कशाला? पडवीसाठी सहा बाय चार फुटांच्या दोन लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, जोड, एक फूट उंचीच्या. पुढे मोकळं खळं, म्हणजे अंगण. प्लायवर पाय पडला की ढोलासारखा घुमतो, तेव्हा वर गोणपाट ठोकून घे. नाहीतर आईचं हळू बोलणं पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही.

आता तिसरा प्रवेश. सातबाऱ्यावरची जमीन विकायची म्हणून मुलगा कागद घेऊन येतो आणि आई पानभर रडते. ते पान फाड. पहिल्या प्रवेशात तलाठी खळ्यात खुर्चीवर बसलाय, आई पडवीच्या कडेला उभी राहून त्याच्याशी अवघडत प्रमाण भाषेत बोलते, एवढं पेरून ठेव. मुलाशी मात्र तिसऱ्या प्रवेशापर्यंत मालवणीच. तिसऱ्या प्रवेशात मुलाला त्याच खुर्चीत बसव. तो कागद पुढे करेल. ती पडवीच्या कडेला येईल, पदर सावरेल आणि विचारेल, 'सही कुठे करायची?' 'खंय करूची' नाही. पोटचा पोर त्या एका वाक्यात तिच्यासाठी तलाठी झाला. त्यानंतर पार्श्वसंगीत नको, स्पॉटही नको. हे वाक्य कधी पोचेल? आई आईसारखी, मास्तर मास्तरासारखा आणि तलाठी तलाठ्यासारखा बोलला असेल तेव्हाच. संहिताभर सगळे एकसारखे बोलले, तर हा बदल कुणाच्या कानालाही लागणार नाही.

मला हटवादी म्हणतात, ठाऊक आहे. कधीकाळी चार लोकांना कळावं म्हणून मीही बोली सपाट केली, आणि ती पात्रं आज मलाच आठवत नाहीत. म्हणून तुझ्यावर चिडतो. तुझा कान चांगला आहे. म्हातारीचं 'जेवलंस काय?' तू तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरलंयस, ते शिकवून येत नाही. मग दुकानदाराच्या बाबतीत आळस का केलास? वाडीतल्या दुकानात तासभर बस. उधारी मागताना आवाज कसा खाली येतो आणि रोख देताना कसा चढतो, ते ऐक.

तिसरा प्रवेश पुन्हा लिही आणि रविवारपर्यंत पाठव. पात्रांची नावं लिहू नकोस. कोण बोलतंय ते मी ओळखतो.

तुझा,
काका