बायस रिसेप्टरचा, अंपायरचा आणि आपल्या टेस्टचा

प्रश्न : नमस्कार सर, मी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑलिसेरिडिन हे वेदना कमी करणारं, 'बायस्ड' औषध आहे म्हणून मॉर्फिनपेक्षा सेफ, असं आमच्या नोट्समध्ये आहे. नेटवर बघितलं तर कुणी म्हणतं ही थिअरीच बारगळली. खरं काय? आणि रिसेप्टरला कसला आलाय बायस, तो काय अंपायर आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या नोट्स जुन्या झाल्यात, पण अगदीच टाकाऊ नाहीत.

आधी रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची औषध चिकटायची जागा. कुलूप-किल्लीचं चित्र आता डोक्यातून काढा, कारण म्यू-ओपिऑइड रिसेप्टर (मॉर्फिनसारखी औषधं, म्हणजे ओपिऑइड्स, जिथे चिकटतात तो) हा पेशीच्या पडद्यातून सातदा आरपार गेलेला प्रोटीनचा धागा आहे, तो सारखा हलत असतो आणि कुठलं औषध येऊन चिकटलंय त्यानुसार त्याचा आतला आकार थोडा वेगळा होतो. त्या आकारावर ठरतं की आत निरोप जी-प्रोटीनकडे जास्त जाणार की बीटा-अरेस्टिनकडे; ही दोन्ही पेशीच्या आतली, निरोप पुढे नेणारी प्रोटीन्स. एखादं औषध दुसऱ्या औषधाच्या तुलनेत एका वाटेला जास्त झुकतं, याला बायस म्हणायचं. यातलं 'दुसऱ्या औषधाच्या तुलनेत' सोडू नका, निम्मे घोळ तिथेच होतात.

आता गोष्ट अशी की 1999 मध्ये लॉरा बोन, रॉबर्ट लेफ्कोविट्झ (2012 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले तेच) आणि मार्क कॅरन यांच्या ग्रुपने दाखवलं की बीटा-अरेस्टिन-2 नसलेल्या उंदरांत मॉर्फिनचा वेदना कमी करण्याचा परिणाम जास्त होतो आणि जास्त वेळ टिकतो, आणि पुढे 2005 मध्ये असं आलं की त्या उंदरांना श्वास मंदावण्याचा आणि बद्धकोष्ठतेचा त्रासही कमी होतो. झालं, सगळे म्हणाले जी-प्रोटीन चांगलं, अरेस्टिन वाईट, बनवा असं औषध जे फक्त चांगल्या वाटेने जाईल. त्यातून ऑलिसेरिडिन आलं. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये नाही म्हटलं, ऑगस्ट 2020 मध्ये हो म्हटलं, तेही शिरेतून द्यायला आणि दिवसाला जास्तीत जास्त 27 मिलिग्रॅम. श्वास मंदावण्याची ठळक वॉर्निंग त्याच्याही लेबलवर आहेच, बाकी ओपिऑइड्ससारखीच. आणि त्याच 2020 मध्ये वेगवेगळ्या लॅब्सनी मिळून ते अरेस्टिन नसलेले उंदीर परत तपासले तर मॉर्फिनने त्यांचाही श्वास मंदावला, बद्धकोष्ठताही झाली. म्हणजे पायाच हलला ना!

मग ऑलिसेरिडिन बायस्ड दिसलं कसं? हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. समजा एक औषध 100 पैकी 20 रिसेप्टरच नीट चालू करतं, म्हणजे साधं कमजोर औषध. जी-प्रोटीनच्या टेस्टमध्ये सिग्नल आत जाता जाता वाढत जातो, त्यामुळे 20 वरच मीटर फुल्ल. अरेस्टिनच्या टेस्टमध्ये वाढवणारं काही नाही, एका रिसेप्टरला एक अरेस्टिन, तिथे 20 म्हणजे 20, कधी कधी दिसतही नाही. दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं वा, काय झुकलंय जी-प्रोटीनकडे, पण झुकलं औषध नाही, झुकली आपली टेस्ट! 2020 मध्येच एका ग्रुपने हेच मांडलं की या नव्या औषधांची ताकद मुळात कमी आहे आणि उंदरांत श्वासाचा त्रास कमी दिसतो तो बहुतेक त्यामुळे. ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड तर कितीतरी जुनं, अरेस्टिनला फारसं बोलावत नाही, त्याला आपण इतकी वर्षं पार्शल अ‍ॅगोनिस्टच (रिसेप्टरला अर्धवटच चालू करणारं) म्हणतोय की. बायस नसतोच असं मात्र नाही हं, अँजिओटेन्सिन या रक्तदाब वाढवणाऱ्या हार्मोनच्या रिसेप्टरवर अरेस्टिनकडे झुकणारे पदार्थ चांगले माहीत आहेत. फक्त मोजताना ही कमजोरी वजा करावी लागते.

आता अंपायर. तुम्ही चेष्टेत विचारलंत पण प्रश्न बरोबर आहे. अंपायर सारखा एलबीडब्ल्यू देतो म्हटलं की आपण लगेच बायस्ड म्हणतो, पण त्यात दोन गोष्टी असतात. बॉल स्टंपवर जाणारा आहे का हे त्याला किती नीट दिसतं ही एक, आणि किती खात्री झाली की बोट वर करायचं ही दुसरी. पहिलीला नजर म्हणा, बायस फक्त दुसरी. सिग्नल डिटेक्शनवाले (खरा सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक कोण किती ओळखतं हे मोजणारे) 1950 च्या दशकापासून या दोन्ही वेगळ्या मोजतात, आणि त्यासाठी नुसते दिलेले आउट मोजून भागत नाही, न दिलेलेही लागतात. बॅट्समनला संशयाचा फायदा हा तर उघड मान्य केलेला बायस आहे, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. राग येतो तो आपल्या बॅट्समनला एक माप आणि पाहुण्यांना दुसरं असलं की, म्हणून तर 2002 पासून टेस्ट मॅचमध्ये दोन्ही अंपायर तिसऱ्या देशाचे ठेवायला लागले.

फरक एवढाच की रिसेप्टरला कोण जिंकतंय याचं काही पडलेलं नसतं. पण तुलना कशाशी करायची ही अडचण दोन्हीकडे आहे. डीआरएसमध्ये बॉलचा अर्ध्यापेक्षा कमी भाग स्टंपला लागताना दिसला तर मैदानावरचा निर्णय कायम राहतो, म्हणजे तोच बॉल एका अंपायरकडे आउट आणि दुसऱ्याकडे नॉट आउट, आणि मशीन दोघांनाही बरोबर म्हणतं.