थायलंडच्या किनाऱ्यावरच्या हुआ हिनला राहायला येताय? आधी भाड्याने राहा

घर विकत घ्यायची घाई करू नका. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतले ४९ टक्के क्षेत्रच परदेशी मालकांना मिळू शकतं. निदान एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा. इथला मोठा पाऊस जूनमध्ये नाही, ऑक्टोबरच्या आसपास येतो. घर गळतं का, गल्लीत पाणी साचतं का, ते तेव्हाच कळेल.

कागदपत्रांत मात्र अजिबात हयगय नको. तुम्ही राहायला आल्याची नोंद घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनकडे करायची असते, तिला टीएम ३० म्हणतात. पावती मागून घ्याच, पुढच्या कामांना ती लागते. सलग ९० दिवस राहिलात की पत्ता कळवावा लागतो. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत.

शनिवार-रविवारी बँकॉकची गर्दी उतरते, बाजारहाट आधीच उरका. कोथिंबीर, मिरची, नारळ इथल्या चटचाई बाजारात ताजे मिळतात. तूरडाळ आणि मसाल्यांसाठी बँकॉकच्या फाहुरतला, म्हणजे तिथल्या भारतीय बाजारपेठेत, चक्कर मारा. आणि थाई आकडे पहिल्याच आठवड्यात शिका, भाजीवाल्या मावशी मनापासून मदत करतात.