फ्रान्समधल्या बायो या छोट्या गावाला इतकं ऐतिहासिक महत्त्व का आहे?

मुख्य कारण म्हणजे तिथलं एक कापड. सुमारे ७० मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद अशा लिननच्या पट्ट्यावर लोकरीच्या धाग्यांनी १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई चितारली आहे. नॉर्मंडीच्या, म्हणजे बायो ज्या भागात आहे तिथल्या, विल्यमने इंग्लंड जिंकलं ती लढाई. जग त्याला ‘बायो टॅपेस्ट्री’ म्हणतं, पण खऱ्या टॅपेस्ट्रीसारखं ते विणलेलं नाही, चक्क भरतकाम आहे! घोडे, जहाजं, पंगतीची तयारी, आकाशातला हॅलेचा धूमकेतू, सगळं त्यात आहे. मला तर राजांपेक्षा जहाजं बांधणारे सुतारच जास्त आवडतात. बायोचा बिशप ओदो, म्हणजे विल्यमचा सावत्र भाऊ, यानेच ते करवून घेतलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. इथल्या कॅथेड्रलचं १०७७ मध्ये लोकार्पण झालं, तेही त्याच्याच काळात. फ्रेंच राज्यक्रांतीत हे कापड गाडीवर झाकण म्हणून जाणार होतं. एका स्थानिक वकिलाने ते वाचवलं, असं सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीतली शेजारची शहरं बेचिराख झाली. बायो मात्र ७ जूनलाच जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झालं, त्यामुळे जुनी घरं, गल्ल्या, कॅथेड्रल शाबूत राहिलं. गावालगतच्या युद्धस्मशानात चार हजारांहून अधिक सैनिक विसावले आहेत. गेलात तर तिथेही थोडा वेळ थांबा.